जयच्चंद्राचे सुवर्णबद्ध दांत

१

कनोज व काशी येथील गाहडवाल राजा जयच्चंद्र हा इ. स. ११९४ त यमुनाकांठीं चंदावर येथील रणांत शिहाबुद्दीन घोरीच्या सैन्याशीं लढतांना पडला आणि त्याचें प्रेत दांतांवरून ओळखण्यांत आलें, ही हकीकत हिंदुस्थानच्या इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८४१ त प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत ती दिली असून राजाचे दांत खोटे होते असें म्हटलें आहे, व ह्या गोष्टीनें तत्कालीन लोकांच्या राहणीवर कांहीं प्रकाश पडतो असा शेराही जोडला आहे. एल्फिन्स्टनचा ग्रंथ दीर्घकाळ शाळा-पाठशाळांतून वाचला गेला. त्यामुळें त्याचे हे ‘खोटे दांत’ही पुढें चालत राहिले. त्यांवरून आपल्याकडे बाराव्या शतकांत कृत्रिम दांत बसविण्याची विद्या होती असें अनुमान काढण्याचा मोह सहज होतो. परंतु मूळ साधन काय म्हणतें, हें पाहिल्यावांचून असें अनुमान काढणें धोक्याचें होय. तें साधन तपासावें, आपल्या वैद्यक व धर्मशास्त्रीय ग्रंथांशीं त्याचा मेळ घालावा, आणि राजाच्या मुखांत नेमकें काय होतें ह्याचा निर्णय करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम साधनांचा क्रम पाहूं. चंदावरच्या लढाईचें सर्वांत जवळचें फारसी वर्णन हसन निजामी याच्या ‘ताज-उल्-मआसिर’ ह्या ग्रंथांत आहे. हत्तीवर बसलेल्या राजास बाणाची प्राणघातक जखम होऊन तो खालीं पडला व त्याचें मस्तक भाल्याच्या टोकावर लावून सेनापतीपुढें नेण्यांत आलें, असें तो सांगतो. मिनहाज-इ-सिराज याच्या ‘तबकात-इ-नासिरी’ ह्या १२६० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ग्रंथांत राजाच्या पराभवाची व हत्तींच्या लुटीची हकीकत आहे. दांतांची गोष्ट ज्या ग्रंथांत स्पष्टपणें येते तो ग्रंथ म्हणजे इब्न असीर याचा अरबी ‘कामिल’ होय. इब्न असीर इ. स. ११६० त जन्मला व १२३३ त वारला. म्हणजे तो जयच्चंद्राचा समकालीन ठरतो. मात्र तो मोसल येथें राहणारा. हिंदुस्थानांतील वृत्त त्याच्या कानीं आलें तें परक्या मुखांतून. हिजरी ५९० च्या प्रसंगांत तो ह्या लढाईचें वर्णन करितो. जयच्चंद्राला तो काशीचा राजा म्हणून ओळखतो. त्याच्या कथनाचा भावार्थ असा कीं, राजा मारला गेला, पण त्याचें प्रेत कोणासही ओळखतां येईना. त्याच्या दांतांचीं मुळें दुबळीं झालीं असल्यामुळें ते सोन्यानें बांधून धरले होते, आणि त्या खुणेवरून त्याची ओळख पटली. इलियट व डौसन यांनीं १८६९ त प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या खंडांत ह्या उताऱ्याचें इंग्रजी भाषांतर आहे, व त्यांतही दांतांचीं मुळें कमकुवत असल्याचें कारण व सोन्याची तार ह्या दोन्ही गोष्टी कायम आहेत.

अरबी मुळांत येथें ‘शरीत’ असा शब्द आहे. वळलेली दोरी, फीत, पट्टी, तार अशा अर्थांनीं तो येतो. कोणताही अर्थ घेतला तरी जें सांगितलें आहे तें बांधण्याचें साधन आहे. दांताच्या जागीं घातलेली वस्तु नव्हे. बांधले कोणते? तर ज्यांचीं मुळें दुबळीं झालीं ते. खोट्या दांतास मूळ नसतें; सबब मूळ दुबळें होण्याचा प्रश्नच त्याच्या बाबतींत उद्भवत नाहीं. एवढ्या एका कारणावरून एल्फिन्स्टनचा अर्थ मुळाशीं विसंगत ठरतो.

मग हा फरक कोठें पडला असावा? इब्न असीर आणि एल्फिन्स्टन यांच्यामध्यें सहा शतकांहून अधिक अंतर आहे. ह्या अंतरांत विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयास असलेला फिरिश्ता येतो, व त्याच्या ग्रंथाचें १८२९ त इंग्रजी करणारा ब्रिग्ज येतो. हा ब्रिग्ज सातारा येथें रेसिडेंट होता, आणि एल्फिन्स्टन तर मुंबई इलाख्याचा १८१९ पासून १८२७ पर्यंत गव्हर्नर. अशा रीतीनें मोसल येथें लिहिलेली वार्ता शेवटीं आमच्याच प्रांतांत वावरलेल्या मंडळींच्या लेखणीवाटे जगापुढें आली. सोन्याची तार आणि दांत हे दोन शब्द एकत्र ऐकले म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज वाचकाच्या मनांत त्याच्या देशांतील कृत्रिम दांतच उभे राहावे, ह्यांत नवल नाहीं. मधला जो शब्द गळला तो ‘मुळें’ हा. आणि तोच महत्त्वाचा होता.

३

आतां ही हकीकत विश्वसनीय आहे कीं नाहीं, हा दुसरा प्रश्न. जयच्चंद्राच्या अंताविषयीं वेगळी परंपराही आहे. टॉडनें राजस्थानच्या आपल्या इतिहासांत (१८२९-१८३२) तो पळतांना गंगेंत बुडून मेला, अशी कथा दिली आहे. ती भाटांच्या परंपरेवरून आलेली व पुष्कळ उत्तरकालीन आहे. तिच्यापुढें समकालीन लेखकाचें वचन अधिक वजनदार मानिलें पाहिजे. हसन निजामीचें भाल्यावरील मस्तक व इब्न असीरचे दांत ह्यांत विरोध नाहीं. किंबहुना बाणानें विद्रूप झालेलें मस्तक ओळखावयाचें तर दांतांइतकी टिकाऊ खूण दुसरी नाहीं.

राजाच्या वयाचाही विचार केला पाहिजे. काशीजवळ कमौली येथें १८९२ त गाहडवालांच्या ताम्रपटांचा मोठा संग्रह सांपडला. त्यांतील विक्रम संवत् १२२४ च्या, म्हणजे इ. स. ११६८ च्या, पटांत जयच्चंद्र हा युवराज म्हणून आला आहे. ११७० त त्यास राज्याभिषेक झाला. आणि ११७५ तील एक दान त्याच्या हरिश्चंद्र नांवाच्या पुत्राच्या जातकर्माच्या निमित्तानें दिलें आहे. युवराजपदापासून मृत्यूपर्यंत सव्वीस वर्षें गेलीं. तेव्हां चंदावरच्या वेळीं तो प्रौढ वयाचा असला पाहिजे, व त्या वयांत हिरड्या सुटून दांत हलूं लागणें ही अगदीं सामान्य गोष्ट आहे. शिवाय त्याच्या घराण्याच्या दरबारीं तांबूलाला केवढा मान होता हें नैषधकार श्रीहर्षाच्या उक्तीवरून दिसतें. कान्यकुब्जेश्वराकडून आपणांस दोन विडे व आसन मिळतें, ह्याचा त्यास अभिमान वाटतो. जेथें विड्यानें मान मोजला जाई, तेथें सुपारी फोडणाऱ्या दांतांची चिंता राजास वाटली असल्यास तें स्वाभाविकच म्हणावें लागेल.

४

आमच्या शास्त्रग्रंथांत ह्या उपायाला आधार मिळतो काय? सुश्रुताच्या निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत दंतमूलगत रोग पंधरा व दंतगत रोग आठ सांगितले आहेत. त्यांपैकीं दंतवेष्ट ह्या रोगांत हिरड्यांतून पू व रक्त येऊन दांत हलूं लागतात. उपकुश व महाशौषिर ह्यांतही दांत चळतात. आज ज्यास सामान्य व्यवहारांत पायोरिया म्हणतात तोच हा व्याधि होय. म्हणजे इब्न असीरनें सांगितलेली ‘मुळें दुबळीं होणें’ ही अवस्था आमच्या वैद्यांस नीट ठाऊक होती.

उपायांकडे वळलें असतां मात्र एक विलक्षण गोष्ट दिसते. सुश्रुताजवळ दांत उपटण्यासाठीं दंतशंकु नांवाचें शस्त्र आहे. तरीही चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायांत तो वरचा दांत, हालत असला तरीसुद्धां, उपटूं नये अशी वैद्यास सक्त ताकीद देतो. रक्त अतिशय जाऊन रोगी काणा होतो किंवा त्यास अर्दितवायु होतो, असें तो कारण सांगतो. हलणारा दांत उपटावयाचा नाहीं, आणि तसाच सोडला तर घास चावतां येत नाहीं. अशा पेंचांत सांपडलेल्या श्रीमंत रोग्याला तिसरा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे दांत जागच्या जागीं धरून ठेवणें. परंतु दांत तारेनें बांधण्याचा विधि त्या अध्यायांत नाहीं व कृत्रिम दांतही नाहीं. कापलेल्या नाकाची व फाटलेल्या कानाच्या पाळीची जोडणी ज्या ग्रंथांत इतक्या तपशिलानें आली आहे, त्यांत दांताची भरपाई नसावी, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत (उत्तरस्थान, अध्याय २२) किडलेल्या दांताची पोकळी गूळ किंवा मेण ह्यांनीं भरावी असें सांगितलें आहे. आजच्या दांत भरण्याच्या क्रियेचें हें मूळ होय, असें कोणाच्याही मनांत येईल. पण वाक्य पुरें वाचलें पाहिजे. पोकळी भरून ती डागावी असें तें आहे. गूळ व मेण हीं तेथें दाहाचीं साधनें आहेत, कायमची भरणी नव्हे. अर्धें वचन घेऊन त्यावर अभिमानाची इमारत उभारणें ही त्या प्राचीन आचार्यांचीच अवहेलना होय, असें आम्हांस वाटतें.

राहिली ती पूषन् देवतेची कथा. दक्षाच्या यज्ञांत दांत गमावलेला पूषा ब्राह्मणग्रंथांत पिठाचेंच हवि खाणारा आहे. त्याचे दांत पुन्हां आल्याचें तेथें नाहीं. चरकाच्या चिकित्सास्थानांत मात्र रसायनाध्यायांत अश्विनीकुमारांनीं पूषाच्या शीर्ण दांतांची चिकित्सा केली असें सांगितलें आहे. एकच देव याज्ञिकांच्या ग्रंथांत दंतहीन राहतो आणि वैद्यांच्या ग्रंथांत बरा होतो! ही वैद्यांची आकांक्षा झाली; तंत्राचा पुरावा नव्हे.

५

शास्त्रांत विधि नाहीं. पण व्यवहारांत तो असूं शकेल काय? येथें इतर देशांची साक्ष उपयोगी पडते. रोमच्या द्वादश-फलक नांवाच्या कायद्यांत, जो इ. स. पूर्व ४५० च्या सुमाराचा आहे, प्रेताबरोबर सोनें पुरूं नये असा निर्बंध असून, ज्याचे दांत सोन्यानें बांधलेले असतील त्याच्या बाबतींत अपवाद केला आहे. सिसेरोनें तें वचन जतन करून ठेवलें. फिनीशियांतील सिडोन येथें १८६२ त एका स्त्रीच्या जबड्याचा भाग सांपडला व तो पॅरिस येथील लुव्र संग्रहालयांत गेला. त्यांत पुढचे दांत सोन्याच्या तारेनें गुंफलेले असून दोन दांत दुसऱ्या कोणा मनुष्याचे असावेत असें मत नोंदलें आहे. कॉर्डोव्ह्याजवळचा अरब शस्त्रवैद्य अल्-जहरावी, जो इ. स. १०१३ च्या सुमारास वारला, त्यानें ह्या क्रियेची कृतीच लिहून ठेविली आहे. दोन बाजूंच्या घट्ट दांतांचा आधार घेऊन मधल्या हलत्या दांतांभोंवतीं तार विणीत न्यावी, पुन्हां उलट आणावी, युक्तीनें ताणावी, आणि गांठ जिभेस बोचणार नाहीं अशी दडवावी. तार सोन्याचीच असावी, कारण चांदी कांहीं दिवसांत हिरवी पडते, सोनें बदलत नाहीं, असें तो म्हणतो. पडलेल्या दांताच्या जागीं गाईच्या हाडाचा दांत कोरून त्याच तारेनें बसवावा असेंही त्यानें सांगितलें आहे.

मुसलमानी धर्मशास्त्रांतही हा विषय येतो. ‘हिदाया’ ह्या ग्रंथाचा कर्ता मर्गिनानी ११९७ त, म्हणजे चंदावरनंतर तीनच वर्षांनीं, वारला. हलणारे दांत बांधावयास चांदी वापरावी असें अबू हनीफाचें मत, व सोनें वापरण्यास हरकत नाहीं असें त्याचा शिष्य मुहंमद याचें मत, असा वाद त्यानें दिला आहे. सबब मोसलच्या वाचकास ही गोष्ट नवलाची नव्हती. लेखकानें एका ओळींत ती सांगून पुढें जावें, ह्याचें कारण हेंच दिसतें.

येथें एक शंका निघेल. ही चाल पश्चिमेकडील असतांना इब्न असीरनें ती कशावरून हिंदु राजाच्या माथीं मारली नसेल? ह्याचें उत्तर असें कीं, ओळख पटविणारी खूण ही त्या माणसाची विशेष खूण असावी लागते. राजाला जवळून पाहिलेल्या माणसांनीं ती सांगितली, तेव्हांच ती प्रेताशीं पडताळली गेली. कथेचा सारा भार ह्या एकाच खुणेवर आहे. ती काढली तर कथाच उरत नाहीं. अलंकारासाठीं रचलेला तपशील असा नसतो.

दुसरी शंका अशी कीं, हें सोनें शोभेचें नसेल कशावरून? राजस्थानांत पुढच्या दांतांत सोन्याची मेख बसविण्याची चाल आहे, तिला चूंप म्हणतात. दांतांवर सोन्याचें पत्र चढविण्यास रखन म्हणतात. मार्को पोलोनें तेराव्या शतकांत युनानच्या सीमेवरील लोक दांतांवर सोन्याचें आवरण घालतात असें लिहिलें असून, त्यांचें ‘जरदंदान’ हें नांवही त्यावरूनच पडलें आहे. वात्स्यायनाच्या कलांच्या यादींत दांत रंगविण्याची कलाही आहे. शोभेची चाल होती हें खरें. पण इब्न असीर कारण सांगतो तें शोभेचें नाहीं, दुबळ्या मुळांचें आहे. म्हणून ही शंका टिकत नाहीं.

६

धर्मशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां सोन्याच्या तारेस हरकत दिसत नाहीं. निर्लेप सुवर्णपात्र केवळ पाण्यानें शुद्ध होतें असें मनूनें पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे. दांतांस चिकटलेलें अन्न जिभेनें सुटेपर्यंत दांतांप्रमाणेंच समजावें, असें गौतम म्हणतो. ह्या न्यायानें दांतास सदैव लागलेलें सोनें दांतवत् मानण्यास अडचण पडूं नये. अंत्यविधींत तर मृताच्या मुखादि सप्त छिद्रांत सुवर्णशकलें घालण्याचा विधिच आहे. रोमच्या कायद्यास ज्या सोन्यासाठीं अपवाद करावा लागला, तें आमच्याकडे मुद्दाम मुखांत घालीत.

जहरावीचा गाईच्या हाडाचा दांत मात्र हिंदु राजाच्या मुखांत असणें संभवत नाहीं, व परक्या मनुष्याचा दांतही अस्थिस्पर्शाच्या दोषामुळें त्याज्यच. हस्तिदंताची गोष्ट निराळी. अस्थि, शृंग व दंत ह्यांच्या वस्तूंची शुद्धि मनूनें सांगितली असल्यामुळें हस्तिदंती दांतास धर्मशास्त्राची आडकाठी नाहीं. परंतु आडकाठी नसणें हा अस्तित्वाचा पुरावा नव्हे.

सिडोनसारखे जबडे आमच्याकडे कां सांपडत नाहींत, ह्याचें कारण उघड आहे. तेथें प्रेतें पुरीत. येथें दहन करितात. चितेवर सोनें वितळून जातें व अस्थि नदींत जातात. ह्या विषयांत हिंदुस्थानचें मौन हें अभावाचें मौन नसून अग्नीचें मौन आहे. तेव्हां असल्या बाबतींत लेखी वचनाचें मोल दुप्पट समजलें पाहिजे.

बांधणारा कोण असेल? वैद्यकांत विधि नाहीं म्हणून हात वैद्याचा नव्हे. बारीक तार ओढून ती विणण्याचें व गांठ दडविण्याचें कसब सोनाराचें. हें आमचें अनुमान आहे, पण त्यास जवळचें उदाहरण आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत पुण्याकडील एका शस्त्रक्रियेचें वर्णन आलें. इंग्रजी फौजेंतील कावसजी नांवाच्या मराठा गाडीवानाचें नाक टिपूच्या कैदेंत कापलें गेलें होतें. तें कपाळाच्या कातडीनें नवें करणारा मनुष्य विटा करणाऱ्या जातीचा होता. सुश्रुतांत लिहिलेली विद्या अशा रीतीनें ग्रंथाबाहेर, कारागिराच्या हातांत जगली. दांत बांधण्याची विद्या तर ग्रंथांत चढलीच नाहीं. ती कारागिराच्या हातांतच जन्मली व तेथेंच राहिली.

७

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा. जयच्चंद्राचे दांत खोटे नव्हते. ते त्याचे स्वतःचे, मुळें दुबळीं झालेले, सोन्याच्या तारेनें वा पट्टीनें बांधलेले होते. बाराव्या शतकांत उत्तर हिंदुस्थानांतील श्रीमंतांस हा उपाय उपलब्ध होता, एवढें ह्यावरून सिद्ध होतें. कृत्रिम दांत होते हें सिद्ध होत नाहीं. हा फरक क्षुल्लक नव्हे. दांताच्या दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत: हालता दांत धरून ठेवणें, गेलेल्या दांताच्या जागीं शेजारच्यांच्या आधारानें दुसरा बसविणें, आणि मूळच नवें करणें. आजचे दंतवैद्य पहिला मार्ग पोलादी तारेनें व राळेसारख्या द्रव्यानें चालवितात. दुसऱ्यास कवळी व पूल आहेत. तिसरा १९६५ त स्वीडनमध्यें ब्रेनेमार्क यांनीं जबड्याच्या हाडांत टायटॅनियमचें मूळ रोवून खुला केला. जयच्चंद्राचा उपाय पहिल्या मार्गाचा आहे. त्यास दुसऱ्याचें श्रेय देणें म्हणजे आपल्या इतिहासास नसलेलें भूषण देऊन असलेलें झांकणें होय.

शेवटीं पोथ्यांच्या व दप्तरांच्या संग्राहकांस एक विनंती. ह्या विद्येचा माग शास्त्रग्रंथांच्या मूळ पाठांत नव्हे, तर त्यांच्या कांठावर लागण्याचा संभव अधिक आहे. सुश्रुतावरील डल्हणाच्या ‘निबंधसंग्रह’ टीकेच्या हस्तलिखितांतील समासटीपा, वैद्यघराण्यांचीं बाडें, आणि संस्थानी व सरदारी जमाखर्चांत सोनाराच्या नांवें पडलेल्या किरकोळ रकमा अवश्य पाहाव्या. दांतासाठीं तार, दांत बांधणावळ, अशा आशयाची एखादी ओळ कोणाच्या दृष्टीस पडल्यास ती किरकोळ म्हणून सोडूं नये. तारीख, मिती व सोन्याचें वजन ह्यांसह उतरून घ्यावी. एका राजाची ओळख चार गुंजा सोन्यानें पटली. एका विद्येची ओळखही तेवढ्याच सोन्याच्या नोंदीनें पटूं शकेल.